सतरा नंबरचा चौकोन

१

नकाशा चोरीला गेल्याचं गुरुवारी सकाळी अकराला कळलं आणि संध्याकाळी पाचला चोर पकडलासुद्धा. इतकी झटपट झालेली कामं पाहून हेमांगी कर्णिकला हल्ली कौतुक वाटत नसे. कुणाचं तरी दुसऱ्यांदा बघायचं राहिलंय, एवढंच मनात येई. आणि ते दुसऱ्यांदा बघणं शेवटी आपल्याच गळ्यात येणार, हेही.

शुक्रवारी ती पवईच्या ऑफिसात पोचली तेव्हा ते तिच्या टेबलाशी येऊन बसलेलंच होतं. उपनिरीक्षक सुलक्षणा दळवी, तिशीची, दोन दिवसांची झोप डोळ्यांत साचलेली. शेजारी कंपनीचा मालक हितेश, हातात एक कागद घेऊन उभा.

"मॅडम, फक्त एक सही," हितेश म्हणाला. "यंत्रणेची नोंद बरोबर आहे, एवढंच लिहिलंय. उद्या सकाळी कोर्टात लागेल."

"कसली नोंद?"

सुलक्षणाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "अंधेरीचा कोळीवाडा. तुमचाच कॅमेरा."

कोळीवाड्याचा तो धक्का हेमांगीला घरच्या ओट्यासारखा पाठ होता. तिथे हलत नाही असं काही नव्हतं. होड्या डुलत, झेंडे फडफडत, जाळी वाऱ्यावर फुगत. कावळे, मांजरं, टोपल्या घेऊन धावणाऱ्या बाया. त्या सगळ्या गोंधळातून यंत्रणेने माणूस तेवढा वेगळा काढायचा, त्याच्याभोवती चौकोन आखून नंबर द्यायचा आणि तो चित्राबाहेर जाईपर्यंत त्याला सोडायचं नाही, असं काम होतं. काय बघायचं हे यंत्रणेला दोन महिन्यांत शिकवून झालं होतं. काय बघायचं नाही, ते शिकवण्यात हेमांगीची दोन वर्षं गेली होती.

पडद्यावर सोमवारची सकाळ सुरू झाली. नारळी पौर्णिमेला मच्छीमार सोसायटीने वाटलेला भगवा टी-शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी. सतरा नंबर. नऊ अडतीसला तो वलांडीच्या मागे गेला. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूंची लांबलचक मांडणी. बांबूंवर दोरांच्या ओळी आणि त्यांवर मासळी. मिनिटभराने तो दुसऱ्या टोकाने बाहेर पडला, सोसायटीच्या ऑफिसात शिरला, पाच मिनिटांनी काखेत जाळ्याची गुंडाळी घेऊन निघाला आणि रस्त्याकडे दिसेनासा झाला.

"रविवारी नकाशा कपाटात होता," सुलक्षणा म्हणाली. "गुरुवारी नाही. मधल्या काळात कारकून नसताना ऑफिसात शिरलेला हा एकच. चंदू. गेल्याच आठवड्यात सोसायटीत भांडण करून आलेला."

"तोंड दिसत नाही."

"वलांडीमागे गेलो ते मीच, असं तो स्वतःच म्हणतो. पण म्हणतो, तिथेच झोपलो, दुपारपर्यंत. आता तुमची यंत्रणा काय म्हणते? एक माणूस आत गेला, एक बाहेर आला. मागे पुरुषभर उंच बंधारा, पलीकडे चिखल. जायला वाट नाही."

"आणि नकाशा कसला?"

"जुन्या मोजणीचा. मासळी वाळवायचं मैदान गावाचं आहे, हे सांगणारा तेवढा एकच कागद. सरकारी प्रत केव्हाच कुजून गेली. मंगळवारी सुनावणी आहे. नकाशा नसेल तर ते मैदान मोकळी जमीन, कुणाही बिल्डरला मिळण्यासारखी."

हितेशने पेन पुढे केलं. "संध्याकाळपर्यंत हं, मॅडम. अजून अकरा बंदरांचं टेंडर उघडायचंय. यंत्रणा चुकली असं कुठे छापून आलं तर आपली वाट लागली."

हेमांगीने तो तुकडा परत लावला. नऊ अडतीस ते नऊ एकोणचाळीस पडद्यावर मासळीची एक चंदेरी भिंत तेवढी होती. त्या मिनिटात सतरा नंबर कुणालाच दिसत नव्हता. बाहेर आला तो तोच, हे यंत्रणेने गृहीत धरलं होतं.

आणि तसं गृहीत धरायला तिला हेमांगीनेच शिकवलं होतं.

२

सोनूबाई वलांडीच्या सावलीत बसून सुके बोंबील उतरवत होती. हेमांगीला पाहून तिने हात थांबवला नाही.

"तूच ना गं ती कॅमेऱ्यावाली? मना आठवतंय. पहिल्या आठवड्यात तुझ्या मशीनीने माजी मांजरं माणसं म्हणून मोजली. मंग तू मांजरं काढलीस. आता माजा पोर काढलास."

मांजरांचं खरं होतं. गुडघ्याच्या वर न येणारं काहीही मोजू नये, असा नियम तिने त्यानंतर घातला होता.

"बस. उभ्या बाईशी बोलायला मान दुखते." सोनूबाईने एक टोपली उलटी करून दिली. "चंदूला जेवण नेलं होतं सकाळी. घेतलं नाय त्यांनी. पायाला काटा लागलाय त्याच्या, शिंगाळा मासळीचा, रविवारी. तळव्याला. मीच पट्टी बांधली. ती तरी बदलली असेल का कुणी?"

"तो रोज इथे झोपतो?"

"अख्ख्या गावाला विचार. रात्रभर दर्यावर, सकाळी माल उतरवला की हितं मागे येऊन पडतो. घरी पंखा हाय, खाट हाय, पण यो म्हणतो, आये, वाऱ्याशिवाय झोप येत नाय. पडला की मुडदा. कावळा अंगावर बसला तरी हलत नाय."

हेमांगी वर पाहू लागली. बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून दोरावर टांगलेल्या. रस्त्याच्या बाजूच्या ओळी वाळून सुतळीसारख्या झालेल्या. त्यांच्या फटींतून मागचा बंधारा, त्यावरचं शेवाळ, पलीकडची होडी, सगळं दिसत होतं. ओले, जाडजूड बोंबील पार मागच्या, समुद्राकडच्या ओळींवर होते.

तिला पडद्यावरची चंदेरी भिंत आठवली.

"सोनूबाई, ओला माल नेहमी मागेच टांगता?"

"मंग? दर्याचा वारा आधी ओल्याला लागला पायजे. आन् पाणी टिपकतं ना त्याचं, ते वाटेवर नको. रोज एकेक ओळ पुढे सरकवत आणायची. माज्या सासूच्या आधीपासून असंच."

"सोमवारी ओला माल पुढे होता. रस्त्याच्या बाजूला."

सोनूबाईचा हात आता थांबला. "हा. सोमवारीच. काय वास, काय माशा! येणारा-जाणारा शिव्या देत होता. म्हणे फोटोवाले येणार हायत, ताजा माल चमकतो, पुढे लावा. कुठले फोटोवाले? कुत्रं पण आलं नाय."

"कुणी सांगितलं पुढे लावायला?"

"दत्तारामने," सोनूबाई म्हणाली. "सोसायटीच्या कारकुनाने. ज्याच्या कपाटातून नकाशा गेला, त्यानेच."

३

दत्ताराम मूळचा मालवणकडचा. एकतीस वर्षं सोसायटीत कारकुनी करून त्याची पाठ टेबलाच्या उंचीला आली होती. हेमांगी समोर बसताच त्याने आधी देवीच्या तसबिरीकडे पाहिलं.

"किल्ली त्या तसबिरीमागे असते. माका विचारू नका कुणाला माहीत होती. कुणाला नव्हती ते विचारा, लवकर सांगून होईल."

"आणि तुम्ही सोमवारी कुठे होता?"

"साडेनऊ ते दहा मी लिलावावर. रोजचंच. बोली लिहायला मीच लागतो. त्या अर्ध्या तासात ऑफिसला दार असून नसल्यासारखं."

"म्हणजे कुणी यायचं ठरवलं, तर वेळ ठरलेलीच."

"ठरलेली." त्याने चष्मा काढून पुसला. डोळे लाल होते. "बाई, चंदू भांडतो. पोराचा आवाजच मोठा. पण त्याच मैदानावर त्याच्या आईची वलांडी आहे. तो नकाशा कशाला चोरेल? मी हे पोलिसांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मशीनने पाहिलंय."

हेमांगीने विचारलं, "ओला माल पुढे लावा, असं तुम्ही का सांगितलंत?"

"मी निरोप्या हो! रविवारी निलेशचा फोन आला. आमचा सचिव. म्हणाला, उद्या पाहुणे फोटो काढायला येणार, वलांडी झकास दिसली पाहिजे. मी बायांना सांगितलं. झालं."

"पाहुणे कुठले?"

दत्तारामने तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"म्हणजे? तुमच्याच कंपनीचे ना! हितेश सरांनी पाठवलेले."

४

निलेश ऑफिसच्या मागच्या खोलीत होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. उजवा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ताणून ठेवलेला.

"बसा मॅडम. मी उठत नाही, माफ करा. गणपतीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालायला काही नाही, डॉक्टर म्हणतात पळा. पण दुमडत नाही. मांडी घालून जेवायचं विसरलो."

"फोटोवाल्यांचं विचारायचं होतं."

"हां, ते. तुमच्या ऑफिसातून फोन होता. माहितीपत्रकासाठी फोटो पाहिजेत म्हणाले. मग आलेच नाहीत. मी कशाला पाठपुरावा करू? सोमवारी मी इथे नव्हतोच. वॉर्ड ऑफिसच्या रांगेत, आठ ते बारा. पाणीपट्टीचं काम."

"फोन हितेश सरांचा होता?"

"त्यांच्या वतीने कुणीतरी. नाव नाही लक्षात." त्याने हसून विषय बदलला. "तुम्ही मार्चमध्ये आला होता, आठवतं? म्हाताऱ्या बाया मासळी उलटत तासन् तास बसायच्या आणि तुमची यंत्रणा एकेकीला पन्नास वेळा मोजायची. कशी गंमत होती ती!"

हेमांगीला आठवत होतं. एकाच जागी बसलेलं माणूस नव्याने मोजलं जाऊ नये म्हणून तिने बारा मिनिटांचा नियम घातला होता. बारा मिनिटं जो जागचा हलला नाही, तो यंत्रणेच्या लेखी भिंतीसारखाच. त्याचा नंबर बंद. नियम चालतो का हे पाहायला कुणीतरी निश्चल बसायला हवं होतं, तेव्हा निलेशने स्वतः खुर्ची टाकली होती. तेराव्या मिनिटाला पडद्यावरचा आपला चौकोन विझलेला पाहून त्याने टाळी वाजवली होती.

"तेव्हा तुम्ही इथेच राहायचा," ती म्हणाली.

"आता बोरिवलीला. जूनमध्ये गेलो. खरं सांगू? मुलीच्या डब्याला वास येतो म्हणून शाळेत तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. आता बसतात." तो खिडकीतून मैदानाकडे पाहत राहिला. "दमायला होतं, मॅडम. मासळी कमी, डिझेल महाग, आणि सचिव म्हणून शिव्या मला. सही झाली का तुमची?"

"अजून नाही."

"करून टाका. चंदूचं वाईट वाटतं, पण मशीन खोटं थोडंच बोलणार?"

हेमांगीने धक्क्यावर येऊन हितेशला फोन लावला.

"फोटो?" हितेश वैतागला. "कसले फोटो? माहितीपत्रक गेल्या वर्षीच छापलंय. कुणालाच पाठवलं नव्हतं. मॅडम, तुम्ही तिथे काय करताय? सहीचं काय झालं?"

दोघांतला एक खोटं बोलत होता. आणि बारा मिनिटांचा नियम जगात तिघांनाच माहीत होता: एक निलेश, दुसरा हितेश. तिसरी ती स्वतः.

५

पवईला परत यायला दीड तास गेला. दुपारी साडेतीनला हेमांगीने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद केला. डोकं दुखत होतं. सही करून घरी मुलुंडला जावं, आंघोळ करून आडवं व्हावं, असं शरीर स्पष्ट सांगत होतं. आपल्याच नियमांनी माणूस आत गेला असेल, हे दुसरं काहीतरी तितक्याच स्पष्टपणे सांगत होतं.

सोमवारचं मूळ चित्रण उरलंच नव्हतं. दोन दिवसांनी जुन्यावर नवं चढे. प्रवास पूर्ण केलेल्या नंबरांचे तुकडे तेवढे महिनाभर राहत. मधेच विझलेल्या नंबरांचे तुकडे कचरा म्हणून पुसले जात. मागे राहत असे ती फक्त एका ओळीची नोंद: वेळ आणि जागा.

पोलिसांनी नऊ तीस ते दहाचा अहवाल मागितला होता आणि यंत्रणेने तेवढाच दिला होता. हेमांगीने सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंतचा मागितला, विझलेल्या नंबरांसकट.

चारशे ओळी आल्या. तिने वलांडीच्या मागची जागा तेवढी निवडली. मोजक्याच ओळी राहिल्या.

आठ बावन्न: पाच नंबर आत गेला. नऊ पाच: पाच नंबर बंद, हालचाल नाही.

नऊ अडतीस: सतरा नंबर आत गेला. नऊ एकोणचाळीस: सतरा नंबर बाहेर आला.

सकाळच्या एवढ्याच. तिने खाली सरकून नंतरच्या वेळा पाहिल्या आणि पाचवी सापडली. अकरा छत्तीस: चौसष्ट नंबर, नवा, वलांडीच्या मागून बाहेर आला.

हेमांगीने पेन्सिलीने कागदावर दोन रेघा आत ओढल्या, दोन बाहेर. पाच आणि सतरा आत गेले. सतरा आणि चौसष्ट बाहेर आले. पाच नंबर आत जाऊन कधी निघालाच नाही, आणि चौसष्ट कधी आत न जाता निघाला. यंत्रणेला यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण वलांडीमागे माणसं विरघळत नाहीत आणि जन्मालाही येत नाहीत.

दोन माणसं होती. एक आधीच येऊन बसला. बारा मिनिटं न हलता बसून त्याने आपला नंबर विझवला. आत शर्टावर भगवा टी-शर्ट चढवला, टोपी घातली आणि वाट पाहिली. चंदूची चाहूल लागताच तो ओळीआड सरकला. चंदू रोजच्यासारखा पेंगत आत आला, आडवा झाला. त्याच चालीने दुसरा बाहेर पडला आणि यंत्रणेने चंदूचा सतरा नंबर त्याच्या डोक्यावर ठेवला. झोपलेला चंदू पडद्यामागे बिननंबराचा राहिला आणि हिशेबातून गेला.

पण हे सगळं तिने पेन्सिलीने आखलं होतं. पाच नंबरला ना तोंड होतं, ना चित्र. चौसष्टच्या तुकड्यात भगवा टी-शर्ट दिसत होता, पण तसा अर्ध्या गावाकडे होता. कोर्टात कुणीही विचारलं असतं, बाई, तो पाच नंबर म्हणजे एखादी म्हातारी नसेल कशावरून?

साडेपाचला हितेश दारात आला. "मॅडम, पोलिसांची गाडी खाली आलीय."

६

"पाच मिनिटं," हेमांगी म्हणाली.

"काय शोधताय आता?"

"जे आपण कधीच बघत नाही ते."

माणूस ओळखण्यासाठी यंत्रणेला आधी एक वेगळंच चित्र जपावं लागतं: इथे कुणीही नसतं, तर ही जागा कशी दिसली असती? तिची पार्श्वभूमी. समोरचं दृश्य या चित्राशी ताडून पाहायचं आणि फरक दिसेल तिथे चौकोन आखायचा. हे चित्र यंत्रणा हजारो क्षणांच्या सरासरीतून स्वतःच रंगवत राहते. होड्यांचं डुलणं, पाखरांची झेप त्यात पुसली जाते. आणि जे हलत नाही ते हळूहळू त्या चित्रात जाऊन बसतं.

सुरुवातीच्या दिवसांत चुका शोधायला सोपं जावं म्हणून हेमांगीने दर अर्ध्या तासाचं पार्श्वभूमीचं चित्र साठवायची सोय केली होती. नंतर ती सोय बंद करायची राहून गेली. ती चित्रं कुणी पाहत नसे. त्यांत नियमाने कुणी नसायचंच.

तिने सोमवारचं नऊ तीसचं चित्र उघडलं.

रिकामा धक्का. पुसट होड्या. ओल्या बोंबलांची भिंत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर संपणारी. त्या खालच्या फटीत, जिथे यंत्रणा मांजरांच्या भीतीने कधीच बघत नसे, तिथे बुटांतला एक पाय जमिनीवर टेकलेला होता. दुसरा पाय सरळ पुढे ताणलेला, टाच उलट्या टोपलीवर.

सुलक्षणा तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती.

हेमांगीने दहाचं चित्र उघडलं. टोपलीवर आता पाय नव्हता. तिच्या बाजूला, जमिनीवर, दोन अनवाणी तळवे कॅमेऱ्याकडे वळलेले. चालत्या चंदूचे पाय चित्रणात धुरासारखे होते. झोपलेल्या चंदूचे हजार क्षणांच्या सरासरीत कोरल्यासारखे उतरले होते. डाव्या तळव्यावर पांढरी पट्टी.

"शिंगाळ्याचा काटा," हेमांगी म्हणाली. "आईने बांधली. नऊ एकोणचाळीसनंतर आत कुणी गेल्याची नोंद नाही, म्हणजे सतरा नंबर ऑफिसात शिरला त्या वेळी चंदू इथे पडला होता."

सुलक्षणा वाकून पडद्याजवळ गेली. "त्याने काल मला पाय दाखवला होता. ड्रेसिंग बदला म्हणाला. मी म्हटलं, नाटकं करू नकोस." ती सरळ झाली. "आणि पहिल्या चित्रातला हा कोण?"

"ज्याचा गुडघा दुमडत नाही तो. ज्याने ओला माल पुढे लावायला सांगितला, कारण सुका पडदा पारदर्शक असतो. आणि ज्याने स्वतः खुर्चीत बसून पाहिलंय की बारा मिनिटांनी चौकोन विझतो."

हितेश एवढा वेळ दाराला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "म्हणजे यंत्रणा चुकली."

"नाही. मी सांगितलं तसंच तिने केलं."

७

निलेश अजून त्याच खोलीत होता. पाय स्टुलावर. सुलक्षणाने दोन्ही छापील चित्रं टेबलावर ठेवली तेव्हा त्याने आधी वरचं पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे, आणि पाय खाली घ्यायचा एक अर्धवट प्रयत्न केला. गुडघा वाकला नाही.

"वॉर्ड ऑफिसात त्या दिवशी कॅमेरे चालू होते," सुलक्षणा म्हणाली. "बघायचे का?"

"नको."

दाराशी दत्ताराम उभा होता. त्याच्या मागून सोनूबाई पुढे आली, टोपलीसकट.

"निल्या, तुला मी कडेवर खेळवलंय."

"माहीत आहे मावशी."

"मंग माजाच पोर बरा सापडला?"

निलेशने हेमांगीकडे पाहिलं, जणू तिलाच हे समजेल. "मी एकटा ऑफिसात गेलो असतो तर मशीनने मला लिहिलं असतं. मला दुसऱ्या कुणाचा तरी नंबर हवा होता. चंदू रोज तिथे येतो. तोच शर्ट, तीच टोपी. माणूस कोण, याचा मी विचारच केला नाही. नंबराचा केला."

हेमांगीला त्याचा राग यायला हवा होता. पण ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. गेली दोन वर्षं तीही हेच करत आली होती.

"बिल्डर नव्या टॉवरमध्ये घर देणार होते," तो पुढे म्हणाला. "मैदान मोकळं निघालं की. नकाशा जाळायचा, एवढंच काम."

"जाळलास?" सोनूबाईचा आवाज एकदम खाली गेला.

"काडी ओढली होती मी." निलेशने कपाळ चोळलं. "शेवटी अंगठे आहेत ना त्यावर, गावातल्या सगळ्यांचे. आजोबांचा तिसरा आहे. गावातच माझ्या काकाच्या बंद खोलीत आहे बघा, जाळ्यात गुंडाळलेला. त्याच जाळ्यात."

दत्ताराम आपल्या वाकलेल्या पाठीला शोभणार नाही इतक्या वेगाने बाहेर पडला. थोड्या वेळाने तो जाळ्याची गुंडाळी घेऊन परत आला. त्याने नकाशा टेबलावर पसरला. कडा झिजलेल्या, एक कोपरा करपलेला. पण मैदान शाबूत होतं आणि त्याखालचे अंगठेही. सोनूबाईने त्यातल्या एकावर बोट ठेवलं, मग मासळीचा हात लागला म्हणून लगेच मागे घेतलं.

निघताना हेमांगीने सहीचा कागद मागून घेतला. 'यंत्रणेची नोंद बरोबर आहे' ही ओळ तिने खोडली आणि खाली हाताने लिहिलं: सतरा हा नंबर दोन माणसांना मिळाला आहे. ही चूक ज्या नियमांमुळे झाली ते मी घातले आहेत. मग सही केली.

हितेशने गाडीत बसून तो कागद दोनदा वाचला.

"टेंडर गेलं, मॅडम."

"हो."

"सोमवारी बोलू."

"बोलू," ती म्हणाली आणि काचेला डोकं टेकवून डोळे मिटले.

शनिवारी दुपारी चंदू सुटला. हेमांगीला ते पडद्यावरच दिसलं. नियम बदलायचे म्हणून ती सुट्टीच्या दिवशी ऑफिसात आली होती. तिथे दुसरं कुणी नव्हतं. रस्त्याकडून लंगडत एक माणूस आला, एकतीस नंबर. वाटेत चारपाच चौकोन त्याच्याभोवती जमले, पांगले. एक ठेंगणा चौकोन त्याला घराकडे ओढत राहिला. त्याने मान हलवली आणि सरळ वलांडीच्या मागे गेला.

आज रस्त्याच्या बाजूला सुका माल होता. फटींतून तो नीट दिसत होता. पाठ टेकली, एक हात डोळ्यांवर घेतला, आणि दोन मिनिटांत गाढ झोपला. त्याच्याभोवती हिरवा चौकोन बारा मिनिटं राहिला. मग विझला. यंत्रणेच्या मते तिथे आता कुणी नव्हतं.

हेमांगीने नियमांची फाइल उघडली होती. ती तिने तशीच राहू दिली, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि चंदू उठेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली.